इंग्रजी वाक्यातील व्युत्क्रम आणि मराठी अनुवाद

इंग्रजी वाक्यात कर्त्याच्या आधी क्रियापद आणणे, हा आपल्याकडे केवळ परीक्षेचा विषय होऊन बसला आहे. पेडणे-डिचोलीकडील मराठी शाळेतून वर आलेला विद्यार्थी ‘आय हॅव नेव्हर सीन’चे ‘नेव्हर हॅव आय सीन’ असे रूपांतर बिनचूक करतो. अर्थात काय फरक पडला, असे विचारले की मात्र गप्प राहतो.

दोष त्याचा नव्हे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाची रूपे शब्दांचे नाते सांभाळतात. म्हणून शब्दांना जागा बदलण्याची मुभा असते. ‘पाऊस आला’ आणि ‘आला पाऊस’ ही दोन्ही वाक्ये शुद्धच. दुसऱ्यात वाट पाहणे संपल्याचे समाधान ऐकू येते, इतकेच. पेडण्याचा शेतकरी ‘इलो पावस’ म्हणतो, त्याला हा नियम कोणी शिकविलेला नसतो. (1961 पर्यंत येथे राज्य करणारी पोर्तुगीज भाषाही क्रियापदामागून कर्ता आणण्यास फारशी हरकत घेत नाही.)

इंग्रजीत विभक्ती बहुतांशी झडल्या आणि कर्ता स्थानावरून ओळखावा लागू लागला. त्यामुळे तेथील व्युत्क्रम नियमांनी जखडलेला आहे. ‘हिअर कम्स द बस’ चालते; सर्वनाम आले की ‘हिअर इट कम्स’ असेच म्हटले पाहिजे. 1579 साली गोव्यात आलेले फादर स्टीफन्स ज्या इंग्रजीत वाढले, तीत ‘नो यू?’ असा प्रश्न विचारता येई. ‘डू’चा टेकू अपरिहार्य झाला तो नंतर. त्याच स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ (1616) रचताना मराठी ओवीची मोकळी शब्दरचना आपलीशी केली.

आमचे अनुवादक येथेच फसतात. ‘नेव्हर हॅव आय सीन’चे ‘कधीच नाही पाहिले मी’ असे भाषांतर क्रमाला धरून आहे खरे, पण मूळ वाक्य व्यासपीठावरचे, गंभीर; मराठी वाक्य ओसरीवरचे, किंचित लाडिक. ‘असे दृश्य मी आजवर पाहिले नव्हते’ यात क्रम सरळ असूनही ‘आजवर’ने मूळचा भर राखला आहे. वक्त्याचा स्वर सांभाळणे हे अनुवादाचे पहिले काम. शब्दांची रांग सांभाळणे हे नव्हे.

‘हॅड आय नोन’चे उदाहरण अधिक बोधक आहे. तेथे ‘इफ’ गळतो आणि त्याचे काम व्युत्क्रम करतो. ‘मला ठाऊक असते तर’ यात ‘जर’ गळतो आणि त्याचे काम एकटा ‘तर’ करतो. ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली, तर डिचोलीच्या मुलाला नियम पाठ करण्याची गरज फारशी उरत नाही.