४१ पैकी ४० : पण नेमकं काय मोजलं?

२०१३ मध्ये बेल्जियममधल्या क्लास आणि सहकाऱ्यांचा पेपर 'जर्नल ऑफ ॲनाटॉमी'मध्ये आला आणि 'गुडघ्यात नवं लिगामेंट सापडलं' अशा बातम्या झळकल्या. हे लिगामेंट म्हणजे अँटेरोलॅटरल लिगामेंट, थोडक्यात एएलएल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडापासून तिरकी पुढे उतरून नडगीच्या हाडाला चिकटणारी पट्टी. नडगी आतल्या बाजूला पिळली की ती ताणली जाते.

आता 'नवं' म्हणाल, तर फ्रेंच सर्जन पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्येच तिथल्या मोतिया रंगाच्या तंतुमय पट्टीचं वर्णन केलं होतं. पण माझा मुद्दा वेगळा आहे.

क्लास यांना रसायनात जतन केलेल्या ४१ गुडघ्यांपैकी ४० मध्ये एएलएल दिसलं. २०१४ मध्ये डॉड्स आणि सहकाऱ्यांनी गोठवून ठेवलेले ४० गुडघे तपासले; त्यांना ते ३३ मध्ये दिसलं. आपण लगेच म्हणतो, 'माणसामाणसात फरक असतोच.' थांबा जरा! क्लास यांच्या मते पट्टीचं वरचं टोक मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर आहे. डॉड्स यांच्या मते ते त्या उंचवट्याच्या सरासरी ८ मिमी वर आणि ४.३ मिमी मागे आहे. मग दोघांनी एकच गोष्ट मोजली का?

सांध्याच्या आवरणाचा जाड भाग कुठे संपतो आणि स्वतंत्र लिगामेंट कुठे सुरू होतं, ही रेघ शरीरात आखलेली नसते. ती बरेचदा डिसेक्शन करणाऱ्याच्या हाताने ठरते. त्यामुळे आकड्यांतला फरक गुडघ्यांचा किती आणि व्याख्येचा किती, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही. आणि हा वाद कागदापुरता नाही. शस्त्रक्रियेत ग्राफ्टचं वरचं टोक काही मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तर गुडघा वाकवताना तो कधी ताणणार, कधी सैल पडणार हे बदलतं.

क्लास यांचं श्रेयही द्यायला हवं. त्यांनी दोन्ही टोकांच्या जागा स्पष्ट लिहिल्या, म्हणूनच इतरांना त्या तपासता आल्या.

तेव्हा लिटरेचर रिव्ह्यूच्या तक्त्यात नमुनासंख्या आणि टक्केवारीच्या आधी आणखी दोन रकाने करा: व्याख्या काय, आणि नमुना कसा जतन केला. ते भरल्याशिवाय दोन पेपरांचे आकडे शेजारी मांडू नका.