चूक, बरोबर आणि मधला रकाना

नांदेडच्या वजिराबादेपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत कोठेही जा, इंग्रजी वाक्ये सुधारून देणारी पुस्तके पंचांगासारखी खपताना दिसतील. त्यांचा साचा ठरलेला असतो. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. का चूक, याला मात्र जागा नाही. अशा पुस्तकांचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही, कारण ती वाङ्मयात मोडत नाहीत. पण आमच्या मराठवाड्यातील पोराच्या हातात ही पुस्तके जितकी पडतात तितकी एकही कादंबरी पडत नाही. तेव्हा त्यांचा हिशेब कोणीतरी मागावयास हवा.

हा उद्योग जुना आहे. मुंबई इलाख्यात मुलकी नोकरी केलेल्या जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ या साहेबाने 1907 साली ‘इंडियन इंग्लिश’ या नावाचे एक पुस्तकच काढले आणि हिंदी लोक इंग्रजी लिहिताना वाक्प्रचाराच्या ज्या चुका करतात त्यांची तपासणी केली. ‘वाक्प्रचाराच्या’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. व्याकरणाची चूक अज्ञानातून होऊ शकते. वाक्प्रचाराची चूक बहुधा ज्ञानातून होते, म्हणजे स्वतःच्या भाषेच्या पक्क्या ज्ञानातून.

उदाहरण पाहा. मुलगा लिहितो, ‘टुडे मॉर्निंग’. मास्तर लाल रेघ मारतात आणि ‘धिस मॉर्निंग’ करून देतात. मुलगा ‘टुमारो मॉर्निंग’ लिहितो, ते बरोबर! ‘यस्टर्डे मॉर्निंग’ बरोबर, पण ‘यस्टर्डे नाइट’ लिहिले की पुन्हा रेघ. तेथे ‘लास्ट नाइट’ हवे. आता मला सांगा, आज सकाळी, उद्या सकाळी, काल रात्री असे सरळ सूत्र धरून चालणारा मुलगा बेशिस्त, की वाटेल तेथे वळणारी ती साहेबाची भाषा? सुधारणा करावयाचीच आहे. पण तुझे सूत्र खोटे नाही, इंग्रजीची रूढी निराळी आहे, एवढे एक वाक्य त्याच्या वाट्याला येऊ नये काय?

आमच्याकडची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. निजामी राजवटीत येथील शाळांतून उर्दूचे प्रस्थ होते. 1918 साली निघालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच, आणि इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय. 1948 च्या पोलिस कारवाईनंतर काळ पालटला, तरी नांदेडात मराठी आणि दखनी आजही शेजारी नांदतात. मराठी मुलगा औषध ‘घेतो’, म्हणून इंग्रजीतही ‘टेक’ लिहून सुटतो. शेजारचा दवा ‘खातो’, म्हणून ‘ईट’ लिहून फसतो. परीक्षेच्या बाबतीत मात्र दोघांची दैना सारखीच. एक परीक्षा देतो, दुसरा इम्तिहान देतो; दोघेही ‘गेव्ह द एक्झामिनेशन’ लिहितात. इंग्रजीत परीक्षा देतो तो परीक्षक, विद्यार्थी ती घेतो! ज्या गावी सारे घर मुलाच्या परीक्षेवर डोळे लावून बसलेले असते, त्या लातुरात तरी हा उलटा व्यवहार कोणी नीट समजावून द्यावा.

याचा अर्थ सगळेच खपवून घ्यावे असा नव्हे. ‘ही सेड दॅट आय विल कम’ हे वाक्य मी कधीही सोडणार नाही. मराठीत ‘तो म्हणाला की मी येईन’ यात येणारा तोच असतो. इंग्रजीत मात्र येणारा बोलणारा स्वतः होऊन बसतो. म्हणजे येणारा माणूसच बदलला. येथे रेघ मारलीच पाहिजे, आणि जाड मारली पाहिजे. ‘व्हेन आय विल गो टु नांदेड’ यात कोणाचेच काही बिघडत नाही. ‘जाईन तेव्हा’ मधला भविष्यकाळ तेवढा इंग्रजीत शिरला. रेघ मारावी, पण पातळ. आणि ‘कझिन ब्रदर’? चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे चार जण ज्यांच्या अंगणात फटाके उडवतात, त्यांना एकटे ‘कझिन’ अपुरे वाटले तर नवल कसले! ‘प्रीपोन’ हा असाच आपल्याकडचा शब्द. एके काळी चेष्टेचा, पण पुढे ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला.

या रेघांमधला भेद त्या दोन रकान्यांच्या पुस्तकांना ठाऊक नाही. त्यांना सगळ्या चुका सारख्याच पापी. परिणाम असा होतो, की गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगा पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात पाऊल टाकताच तोंड मिटून बसतो. एखादे वाक्य चुकेल, ही भीती नसते. कोणते चुकेल हेच त्याला कळत नाही.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या आवृत्तीत मध्ये एक तिसरा रकाना काढा. ‘गेव्ह’ आणि ‘टुक’ यांच्या मधोमध ‘मराठीत: परीक्षा देणे, उर्दूत: इम्तिहान देना’ इतके छापा. त्यासाठी पाने वाढली आणि किंमत चार पैशांनी चढली, तरी आमच्याकडचे पालक ती देतील.