कल्पित विश्वातील प्रेमदेवता

एड ग्रीनवुड यांनी कल्पिलेले ‘फरगॉटन रेल्म्स’ हे विश्व १९८७ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाक्रीडेसाठी प्रसिद्ध झाले. त्यातील प्रेमदेवता सुनी हिला ‘अग्निकेशी’ हे उपपद आहे, रक्तकेशी रूपवतीचे मुख हे चिन्ह आहे, ‘एव्हरगोल्ड’ नामक पवित्र कारंजेही आहे. उणीव आहे ती भयाची. यातनेची देवता लोविअटार निराळी, युद्धाचा टेम्पस निराळा. नियमग्रंथास ही खातेवाटणी सोयीची खरी. उपासनेस ती मारक ठरते. सुमेरी इनान्ना रतीची तशीच रणाचीही देवता होती. मदन तर शिवाच्या नेत्राग्नीने भस्म होऊन ‘अनंग’ झाला; त्या एका नामात अवघे आख्यान सामावले आहे. ‘अग्निकेशी’ मात्र केवळ केसांचा रंग सांगते. तिला नवस का बोलावा आणि तो चुकल्यास काय ओढवेल, हे त्यातून उमगत नाही.