शून्य नेमकं कोणाचं?

आधी दोन हिशेब देते. पहिला: ५० लढती, ५० विजय, ० पराभव. दुसरा: ३०० लढती, ३२ विजय, २५६ पराभव, १२ बरोबरीत. पहिला अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरचा. दुसरा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीचा. बकली २००८ मध्ये तीनशेवी लढत खेळून निवृत्त झाला (आणि ती शेवटची लढत तो जिंकला!).

दोघांत सरस बॉक्सर कोण, हे सांगायला पीएचडी करावी लागत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हे आकडे नेमकं काय मोजतात? आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हार-जितीला आपण जेवढं महत्त्व देतो, तेवढं द्यावं का?

रणजी करंडकाचा विचार करा. वेळापत्रक आधी ठरतं. 'या संघाशी आम्ही खेळणार नाही, दुसरा द्या' असं मुंबईला म्हणता येत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असं वेळापत्रकच नसतं. प्रत्येक लढत करारातून जमते. कोण कुणाशी, कधी, कुठे, किती पैशांत लढणार हे मॅनेजर, प्रमोटर आणि मॅचमेकर ठरवतात. मॅचमेकर म्हणजे आपल्या कुस्तीच्या फडातला जोड लावणारा म्हणा ना. फक्त इथे जोड तोलामोलाची असलीच पाहिजे असा आग्रह नसतो.

हा फरक विजेंदर सिंगच्या एकाच कारकिर्दीत दिसतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं, तिथे समोर कोण येणार हे सोडतीने ठरत होतं. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि सलग १२ लढती जिंकला; तिथे समोर कोण येणार हे करारात ठरत होतं. २०२१ च्या मार्चमध्ये पणजीला, एका कॅसिनो जहाजावर, रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत हरवलं. 'अपराजित मालिका खंडित' एवढीच त्याची बातमी झाली. त्या १२ लढती कुणाशी होत्या, हे विचारायचं आपण विसरलो.

म्हणजे रेकॉर्डमध्ये बॉक्सरच्या कौशल्याबरोबर जोड लावणाऱ्याची हुशारीही नोंदलेली असते. मेवेदरने अनेक जगज्जेत्यांना हरवलंय, त्याचं शून्य खोटं नाही. पण त्याचा पन्नासावा विजय बघा. २०१७ मध्ये समोर होता कॉनर मॅकग्रेगर, मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा खेळाडू. व्यावसायिक बॉक्सिंगमधली त्याची ही पहिलीच लढत. रेकॉर्डमध्ये हा विजय आणि २०१५ मधला मॅनी पॅकियावविरुद्धचा विजय सारख्याच वजनाचे. दोन्ही 'एक'.

आता संशोधनाकडे येऊ. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लोइक वाकाँ १९८८ मध्ये शिकागोतल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका जिममध्ये दाखल झाला आणि सुमारे तीन वर्षं स्वतः सराव करत राहिला. त्यातून 'बॉडी अँड सोल' हे पुस्तक आलं. त्याचा मुद्दा असा की, बॉक्सरचं शरीर हेच त्याचं भांडवल. ते रोज कमवायचं आणि जपून खर्चायचं. मॅचमेकरच्या धंद्यावर लिहिलेल्या लेखात तो दाखवतो की हे भांडवल बाजारात मालासारखं मांडलं जातं. काही बॉक्सर 'घडवायचे' असतात, तर काही त्यांच्यासमोर उभे करायचे असतात. या दुसऱ्या प्रकाराला धंद्यातला शब्दच आहे, 'ऑपोनंट'.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. ते जिमच्या आतून लिहिलंय, त्यामुळे नजर आपल्या पोरांवर जास्त. समोरच्या कोपऱ्यातला माणूस येतो, लढतो, निघून जातो. हरणं हेसुद्धा कसबाचं काम असू शकतं, हे तिथे पुरेसं उमटत नाही.

बकलीचं काम नेमकं तेच होतं. ब्रिटनमधल्या छोट्या सभागृहांत स्थानिक पोरगा आपल्या ओळखीत तिकिटं खपवतो आणि त्याच्यासमोर ठरलेल्या मानधनावर अनुभवी बॉक्सर आणला जातो. याचा अर्थ लढत 'फिक्स' असते असा नाही. पण त्या अनुभवी माणसाचं पोट पुढच्या आठवड्याच्या लढतीवर असतं. नॉकआउट झालं तर वैद्यकीय नियमांनुसार काही आठवडे घरी बसावं लागतं. म्हणून ठोसे चुकवायचे, नवख्याला फेऱ्यांचा अनुभव द्यायचा, पॉइंट्सवर हरायचं आणि धडधाकट घरी जायचं. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीद उमेदवारीच्या काळात बकलीशी लढला होता. कुणाच्या तरी चकचकीत रेकॉर्डची एकेक वीट अशा माणसांनी रचलेली असते. ते २५६ पराभव म्हणजे २५६ दिवसांची मजुरी आहे.

हार फार महाग केली की आणखी एक गोष्ट बिघडते, लढत थांबवणं अवघड होतं. १९७५ मध्ये मनिलाला अली-फ्रेझर लढतीत चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचा कोच एडी फच याने लढत थांबवली. डोळे सुजून फ्रेझरला नीट दिसत नव्हतं. त्याला पुढे लढायचं होतं, पण फच ऐकला नाही. रेकॉर्डमध्ये एक पराभव वाढला, आणि फ्रेझर २०११ पर्यंत जगला. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळेपर्यंत लढत चालू राहिली. काही दिवसांनी तो गेला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेने विजेतेपदाच्या लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आणल्या. फेऱ्या नियमाने कमी करता येतात. पण 'बास, थांबवा' म्हणण्याचं धैर्य, हरणं म्हणजे सगळं संपलं असं वातावरण असेल तर कुठून येणार?

तुम्ही म्हणाल, मग निकालाला काही अर्थच नाही का? आहे, आणि पुरेपूर आहे. निकाल नसेल तर ती लढत राहत नाही, प्रदर्शन होतं. शुगर रे रॉबिन्सन सलग ४० लढती जिंकला होता, तेव्हा १९४३ च्या फेब्रुवारीत जेक लामोटाने त्याला हरवलं. रॉबिन्सन त्याच महिन्यात पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला. दोघं एकूण सहा वेळा लढले. त्यातल्या पाच रॉबिन्सनने जिंकल्या. हार त्याला झोंबली म्हणून तो परत गेला, आणि एका हारेने बाजारभाव संपत नव्हता म्हणून त्याला परत जाता आलं. कारकिर्दीच्या शेवटी त्याच्या नावावर १९ पराभव होते. तरीही सर्वकालीन श्रेष्ठ बॉक्सर कोण, असं विचारलं की अनेक जाणकार त्याचंच नाव घेतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: निकाल त्या रात्रीपुरता सर्वस्व असू द्या, आयुष्यभराच्या बेरजेत नको. पुढच्या वेळी कुणाचं रेकॉर्ड वाचाल तेव्हा विजयांच्या आकड्यावर थांबू नका. समोर कोण होतं, ते तेव्हा कारकिर्दीच्या कोणत्या टप्प्यावर होतं आणि ही जोड कुणी, कशासाठी लावली, एवढं बघा. आणि पराभवांचा आकडा मोठा दिसला तर हसण्याआधी जरा थांबा.