पुलाचं कौतुक झालं, बिलाचं काय?

30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली. चूरलमला आणि मुंडक्काई यांना जोडणारा पूल वाहून गेला. लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने 1 ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत तिथे 190 फुटी बेली पूल उभा केला. त्या पुलावर उभ्या असलेल्या मेजर सीता शेळके यांचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. त्या नगर जिल्ह्यातल्या, त्यामुळे आपल्याकडे तो जास्तच फिरला.

काही महिन्यांनी दुसरी बातमी आली, ती फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही. संरक्षण खात्याने हवाई मदतीच्या खर्चापोटी केरळकडे 132 कोटींहून अधिक रुपये मागितले. त्यात वायनाडही होतं आणि आधीच्या आपत्तींची थकबाकीही.

आता हे केरळवर मुद्दाम उगवलेलं शस्त्र आहे असं मी म्हणणार नाही. ज्या राज्याने लष्कराची मदत मागितली त्याने खर्च भरायचा, ही जुनीच रीत आहे. माझा आक्षेप या रीतीवरच आहे.

2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा कागदावर नीटनेटका आहे. वर पंतप्रधानांचं राष्ट्रीय प्राधिकरण, मग मुख्यमंत्र्यांचं, खाली जिल्हाधिकाऱ्यांचं. एनडीआरएफही याच कायद्यातून आली. या मांडणीत लष्कर म्हणजे शेवटचा उपाय: स्थानिक यंत्रणा कमी पडली तर बोलवायचं आणि काम झालं की लगेच परत पाठवायचं. प्रत्यक्षात मोठ्या आपत्तीत पहिल्याच दिवशी लष्कर लागतं, कारण हेलिकॉप्टर आणि तयार पूल दुसऱ्या कुणाकडे नसतात. म्हणजे काम पहिल्या फळीचं, पण हिशेब मात्र पाहुण्याचा.

यात धोका कुठे आहे? पहिल्या काही तासांत. हेलिकॉप्टर मागवायचं की अजून थोडं थांबायचं, हे ठरवताना अधिकाऱ्याच्या डोक्यात बिलाचा विचार येता कामा नये. उशिराची किंमत आपल्याला ठाऊक आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडायला गावकरी गावच्याच बोटीत बसले. बोटीत माणसं जास्त झाली, ती उलटली आणि लोक बुडाले. तिथे बिलाचा प्रश्न नव्हता, पण पुरेशा बोटी वेळेत नसल्या की काय होतं ते दिसलं.

म्हणून दोन साध्या गोष्टी आधीच ठरायला हव्यात. एक, पहिल्या तीन दिवसांच्या लष्करी मदतीचा खर्च केंद्राने उचलावा. दोन, प्रत्येक पूरप्रवण तालुक्यात किती बोटी आणि किती प्रशिक्षित माणसं आहेत, याची यादी पावसाळ्याआधी जाहीर व्हावी.

पहिल्या गोष्टीने मदत मागताना कचरावं लागणार नाही. दुसरीने ऊठसूट लष्कराकडे धावावं लागणार नाही. जवानांना सलाम जरूर करा. पण तुमच्या तालुक्याची यादी कुठे आहे, हेही एकदा विचारा.