श्राव्य वाचन आणि मराठीचे अध्ययन : एक चिकित्सा

दृष्टिहीन विद्यार्थ्यास संगणकाच्या वाणीने ग्रंथ ऐकविता आला, म्हणजे त्याच्या वाचनाचा प्रश्न सुटला, अशी समजूत शिक्षणविषयक चर्चेत रूढ होत आहे. कथा-कादंबरीच्या सलग वाचनापुरती ती बरीचशी खरी आहे. परंतु पदव्युत्तर वर्गात संहितेचे अध्ययन अभिप्रेत असते, आणि तेथे ही समजूत अपुरी पडते.

पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरला प्रथम अक्षरे मिळावी लागतात. पानाची छायाप्रत हे त्याच्या दृष्टीने केवळ चित्र होय. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. तथापि जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर डोळ्यांस मराठी दिसला, तरी यंत्रास तो रोमन चिन्हांचा अर्थहीन समूह वाटतो.

अक्षरे मिळाल्यानंतरची अडचण खास मराठीची आहे. च, ज, झ यांचे दंत्य व तालव्य उच्चार लिपी वेगळे दाखवीत नाही. ‘जग’ हे नाम आणि ‘जग’ हे आज्ञार्थी क्रियापद लेखनात एकच, उच्चारात मात्र भिन्न. माणूस संदर्भाने निर्णय करतो. यंत्र अनेकदा चुकते. उलट, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील लेखनभेद वेगाने ऐकताना सहज निसटतो. अक्षरगणवृत्तांत लघुगुरुत्वाचा निर्णय पुष्कळदा याच ऱ्हस्वदीर्घावर अवलंबून असतो. केवळ श्रवणावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याकडून वृत्तचिकित्सेची अपेक्षा करणे, आणि त्याच्या लेखनातील ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांबद्दल गुण कापणे, ही विसंगती होय.

स्क्रीन रीडर एकेक अक्षर सुटे करूनही सांगतो. पण ही सोय शंकानिरसनाची आहे, वाचनाची नव्हे. येथे ब्रेलचे महत्त्व टिकून राहते. १९५१ साली स्वीकृत झालेल्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व व दीर्घ स्वरांना स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘कि’मधील वेलांटी छापील ओळीत व्यंजनाआधी दिसते, ब्रेलमध्ये ती उच्चारक्रमाने नंतर येते. जोडाक्षरात हलन्ताचे चिन्ह मात्र व्यंजनाच्या आधी स्पर्शास लागते. हा वाचक बोटांनी शब्दाची घडण जाणतो. तेव्हा विस्तारासाठी श्रवण आणि सूक्ष्मतेसाठी स्पर्श, अशी विभागणी अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

प्रश्न साधनांचा तसाच जबाबदारीचाही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या. मात्र पुस्तके व सहायक साधने विनामूल्य पुरविण्याची त्यातील तरतूद वयाच्या अठरा वर्षांपर्यंतचीच आहे. परिणामी, ज्या वयात विद्यार्थी विद्यापीठाच्या दारात येतो, त्याच वयात ग्रंथाचा आधार सुटतो. दुसरीकडे, स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी ग्रंथांचे सुलभ रूपांतर करण्यास मोकळीक दिली आहे. कायद्याची आडकाठी नाही. उणीव आहे ती कामाची.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळेचे दार उघडणे आणि शिकणे शक्य करणे, ही दोन्ही राज्याची कर्तव्ये आहेत, हे तत्त्व त्यामागे होते. १९६२ साली याच नगरीत स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात त्याचा विस्तार करावयाचा, तर आरंभ अभ्यासक्रमातील नेमलेल्या पुस्तकांपासूनच करावा लागेल. युनिकोडमध्ये उतरविलेली, मुद्रिताशी ताडून पाहिलेली संहिता सत्रारंभापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती असावी. संहिता ताडून पाहणे हे तर भाषाविभागाचे मूळचेच कार्य आहे. ते तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही.