गॉटिंगेनची गणित संस्था : वास्तूचे श्रेय किती?

गणिताच्या इतिहासावरील लेखनात गॉटिंगेन येथील गणित संस्थेच्या इमारतीचा उल्लेख बहुधा गौरवाने येतो. जणू त्या वास्तूनेच तेथील विद्या घडविली. प्रस्तुत टिपणात हे गृहीतक तपासावयाचे आहे.

या जुन्या विद्यापीठनगरीत गणिताला स्वतंत्र घर मिळाले ते डिसेंबर १९२९ मध्ये. कल्पना फेलिक्स क्लाइन यांची. ती पूर्ण होण्याआधीच, १९२५ साली, ते निवर्तले. काम तडीस नेले रिचर्ड कुराँट यांनी आणि पैसा आला रॉकफेलर यांच्या अमेरिकी देणगीतून. हिल्बर्ट मात्र १८९५ पासूनच गॉटिंगेनला होते. म्हणजे ज्या तीन दशकांमुळे हे नगर गणितज्ञांचे तीर्थक्षेत्र ठरले, ती विद्यापीठाच्या सामाईक व्याख्यानगृहातील खोल्यांतच गेली. इमारत उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी हिल्बर्ट निवृत्त झाले.

तरीही वास्तूला काहीच श्रेय नाही, असे म्हणता येत नाही. क्लाइन यांनी जुन्या जागेतच वाचनकक्ष सुरू केला होता. तेथे विद्यार्थ्याने स्वतः कपाटापाशी जाऊन ग्रंथ काढावा, अशी सोय होती. नव्या इमारतीने त्या रीतीला प्रशस्त जागा दिली. काचेच्या कपाटांत मांडलेल्या वक्रपृष्ठांच्या शेकडो प्रतिकृतीही तीच वृत्ती सांगतात : विद्या कुलपात ठेवू नये. परंतु ही वृत्ती अपुरीच होती. एमी नोएथर यांच्याभोवती आधुनिक बीजगणिताची एक पिढी घडली. त्यांना पूर्ण प्राध्यापकपद या विद्यापीठाने कधीच दिले नाही.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी राजवटीने कुराँट व नोएथर यांना अध्यापनातून दूर केले. हेर्मान वाइल त्याच वर्षी प्रिन्स्टनला गेले. नोव्हेंबरात एडमुंड लांडाउ यांच्या वर्गावर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. त्यांचा पुढारी ओस्वाल्ड टाइशम्युलर हा सामान्य गुंड नव्हता, तर अस्सल प्रतिभेचा गणितज्ञ होता, आणि हीच गोष्ट अधिक अस्वस्थ करते. उघड्या कपाटांच्या सान्निध्यात शिकलेला विद्यार्थी गुरूची वाट अडवतो, तेव्हा वास्तूच्या संस्कारशक्तीविषयीचे लेखन पुन्हा वाचावे लागते.

इमारतीला काही झाले नाही. कुराँट यांनी न्यूयॉर्कमध्ये नवी संस्था उभारली. गॉटिंगेनमधील प्रतिकृतींची कपाटे मात्र जागीच राहिली.